मनाची तालीम

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेकडे निघाले, की थोड्याच अंतरावर शिरढोण हे गाव लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म १८४५ साली याच गावी झाला. पुढे पुण्यास सरकारी नोकरी करीत असताना ते लहुजी साळवे यांच्या तालमीत जाऊ लागले व तेथे त्यांनी मर्दानी विद्येचे शिक्षण घेतले. वस्तादाने एकदा डाव दाखविला आणि शिष्यास तो साधला, असे कोणत्याही तालमीत घडत नाही. रोज पहाटे उठावे, जोर-बैठका काढाव्या, मातीत पडावे, पुन्हा उभे राहावे. तेव्हा कोठे काही महिन्यांनी एखादा डाव अंगात मुरतो. शरीराच्या बळाविषयी हे सर्वांस मान्य आहे. कृश मुलास कोणी ‘बळकट हो’ अशी नुसती आज्ञा करीत नाही; त्यास पोटभर अन्न देतात आणि व्यायाम शिकवितात.

मनाच्या बाबतीत मात्र निराळाच न्याय लावला जातो. ‘मन घट्ट कर’, ‘राग आवर’, ‘रडतोस काय मुलीसारखा?’, ‘एवढ्यातेवढ्याने घाबरायचे नाही’ अशा आज्ञा मुलांच्या कानांवर रोज पडत असतात. त्यांतील काही योग्यही असतात. पण राग आवरायचा तो कसा आणि भीती वाटू लागली म्हणजे नेमके काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही. ज्याने कधी पाण्यात पाय टाकला नाही, त्याला विहिरीच्या काठावरून ‘पोह, पोह’ म्हणून ओरडून सांगावे, तसाच हा प्रकार आहे. शिवाय ज्याला ते साधत नाही, तो ‘आपण जन्मतःच दुबळे’ असे मानू लागतो. ही समजूत चुकीची आहे. मन निरोगी राखण्याची काही कौशल्ये आहेत. ती उपजत नसतात, शिकावी लागतात. ती शिकण्याची सोय प्रत्येक शाळेत असली पाहिजे.

महाराष्ट्राला हा विचार अगदीच नवा नाही. समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोक रचिले, ते मनालाच उद्देशून. मन हे समजाविता येते, वळविता येते, त्याला चांगली सवय लाविता येते, हा विश्वास त्यांच्या मुळाशी आहे. आधुनिक काळात जागतिक आरोग्य संघटनेनेही १९४८ पासून आरोग्याच्या व्याख्येत शरीराबरोबर मनाचा उल्लेख केला आहे. याच संघटनेने १९९० नंतरच्या दशकात मुलांसाठी दहा ‘जीवनकौशल्ये’ सांगितली: स्वतःस ओळखणे, दुसऱ्याच्या भावना जाणणे, चिकित्सक विचार करणे, नव्या रीतीने विचार करणे, निर्णय घेणे, अडचण सोडविणे, आपले म्हणणे नीट मांडणे, माणसांशी नाते जोडणे व राखणे, मनावरील ताण हाताळणे आणि भावना सांभाळणे. यादी मोठी दिसते. पण ही दहाही कौशल्ये रोजच्या व्यवहारात लागतात.

पनवेलसारख्या गावात तर ती फारच लागतात. एके काळी पनवेल हे खाडीकाठचे बंदर होते. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मग पुण्याकडील वाटसरूने पनवेलपर्यंत गाडीने यावे आणि तेथून पडावात बसून मुंबई गाठावी, असा प्रघात पडला. १८५२ साली तेथे नगरपालिका आली. त्यापुढील शंभर वर्षे गावाची चाल संथच होती. १९७० साली नवी मुंबई वसविण्यासाठी सिडको ही संस्था स्थापन झाली आणि ती चाल पालटली. भातशेते व मिठागरे यांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या. २०१६ साली पनवेलला महानगरपालिका मिळाली. विमानतळासाठी तालुक्यातील दहा गावे मूळ ठिकाणाहून हलविण्यात आली, उलवे येथील डोंगर कापून सपाट करण्यात आला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या शेतात आजोबांनी नांगर धरला, त्या ठिकाणी नातवाने विमान उतरताना पाहावे, इतक्या वेगाने येथील जीवन बदलले आहे.

या बदलाचा भार मोठ्यांवर पडतो, तसाच मुलांवरही पडतो. पनवेलच्या एखाद्या वर्गात ज्याचे घर विमानतळाच्या जागेतून उठले, असा आगरी कुटुंबातील मुलगा असतो. वडिलांना तळोज्याच्या कारखान्यात काम मिळाले म्हणून घाटावरून आलेला मुलगा असतो. उत्तरेकडून आलेली आणि मराठी नुकतीच शिकू लागलेली मुलगीही असते. प्रत्येकाच्या पाठीमागे एकेक गाव सुटलेले असते. अशा वर्गात गणित व भूगोल शिकविणे जितके आवश्यक, तितकेच अनोळखी माणसांत धीराने वावरण्यास शिकविणेही आवश्यक आहे.

घाटावरून आलेल्या त्या मुलाचेच उदाहरण घ्यावे. तो वर्षाच्या मध्येच शाळेत आला. पहिल्याच दिवशी त्याने धडा वाचला, तेव्हा त्याच्या उच्चारांवर वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी त्याने हात वर केला नाही. आठवड्याने त्याचे सकाळी पोट दुखू लागले. आईला वाटले, पाणी मानवले नाही. वडिलांना वाटले, शाळा चुकविण्याचे निमित्त आहे. खरे कारण मुलालाही सांगता येत नव्हते. कारण ‘मला अपमान वाटला’ हे तीन शब्द उच्चारण्याचा सराव त्याला कोणी दिलेलाच नव्हता.

येथे कौशल्यांचा उपयोग कसा होतो, हे ध्यानात येईल. आपल्याला राग आला आहे, की लाज वाटते आहे, की गावची आठवण येते आहे, हे ओळखता आले म्हणजे पहिली गाठ सुटते. भावनेला नाव मिळाले, की तिचे भय थोडे कमी होते. काळीज धडधडू लागले तर श्वास संथ करावा, चार अंक मोजीत आत घ्यावा व सहा अंक मोजीत बाहेर सोडावा. ही युक्ती शरीराला शांत करते आणि विचारास अवसर देते. त्यानंतर काय करता येईल याचा विचार करावा: हसणाऱ्याशी भांडावे, गप्प राहावे, की शिक्षकांस सांगावे? प्रत्येक मार्गाचा परिणाम मनाशी तोलून एक निवडावा. शेवटी, ‘तुम्ही हसलात, त्याने मला वाईट वाटले’ असे शांतपणे व स्पष्टपणे सांगावे. शेजारच्या बाकावरील आगरी मुलाचे घरही उठलेलेच आहे. गाव सुटण्याचे दुःख काय असते, हे त्याने जाणले आणि मधल्या सुट्टीत आपल्या डब्यातील चटणी-भाकर त्याच्यापुढे केली, तर दुसऱ्याच्या भावना जाणण्याचे कौशल्य त्याला साधले असे म्हणता येईल. अशा रीतीने एका साध्या प्रसंगात दहांपैकी निम्मी-अधिक कौशल्ये कामी येतात.

ही कौशल्ये शिकवावयाची कशी, हा खरा प्रश्न आहे. फळ्यावर दहा नावे लिहावी, मुलांनी ती वहीत उतरवावी आणि परीक्षेत ‘जीवनकौशल्ये किती व कोणती?’ असा प्रश्न यावा, असे झाले तर सारा उद्देशच फसेल. पोहण्यावर निबंध लिहून कोणी तरला नाही. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या शिक्षणपद्धतीस ‘नयी तालीम’ हे नाव मिळाले, ते फार अर्थपूर्ण आहे. हाताने काम करीत करीत शिकावे, हे तिचे सूत्र होते. शिरढोणच्याच रस्त्याने पुढे कर्नाळ्याची खिंड ओलांडली, की तारा हे गाव येते. तेथे १९६१ साली स्थापन झालेले युसुफ मेहेरअली सेंटर आहे. घाणीचे तेल, साबण, मातीची भांडी यांसारखे ग्रामोद्योग त्या संस्थेने उभे केले. चाकावर मडके घडविताना कोणाचेही पहिले मडके कलते, दुसरे चिरते. पण हात शिकत जातो, आणि हाताबरोबर धीर धरण्यास मनही शिकते. चूक झाली म्हणजे सर्व संपले असे नव्हे, हा पाठ चिखलाचा गोळा जितक्या सहज देतो, तितका पुस्तक देऊ शकत नाही.

जीवनकौशल्यांचा तासही असाच असावा. वर्गात छोटे नाट्यप्रवेश करावे. एकाने तंबाखूची पुडी पुढे करावी, दुसऱ्याने ती न भांडता पण ठामपणे नाकारावी. मग दोघांनी भूमिका बदलाव्या. पाच-सहा जणांच्या गटाने एखादी अडचण घेऊन तिचे तीन उपाय शोधावे. भांडलेल्या दोन मित्रांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याची बाजू मांडून दाखवावी. पहिल्या दिवशी मुले लाजतील, हसतील. महिन्याने तीच मुले मोकळेपणाने बोलू लागतील.

याने खरोखर लाभ होतो काय, असा प्रश्न विचारणे योग्यच आहे, आणि तो संशोधकांनी विचारलेलाही आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने असे शिक्षण शाळांतून सुरू केले व त्याची पाहणी २०१० साली प्रसिद्ध केली. हे शिक्षण मिळालेल्या ६०५ विद्यार्थ्यांची तुलना ते न मिळालेल्या ४२३ विद्यार्थ्यांशी करण्यात आली. एका वर्षाअखेर पहिल्या गटातील मुलांचा आत्मसन्मान अधिक आढळला, अडचणीस तोंड देण्याची त्यांची तयारी अधिक होती, आणि शिक्षकांशी व शाळेशी त्यांचे अधिक जुळले होते. परंतु मनाच्या आजारांची लक्षणे आणि घरच्यांशी असलेले संबंध यांत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. म्हणजे या तालमीने पुष्कळ साधते, पण सर्व काही साधत नाही. ज्ञानाच्या क्षेत्रात असा प्रामाणिक निष्कर्ष हा पोकळ स्तुतीहून अधिक मोलाचा असतो.

दुसरा प्रयोग बिहारमधील नालंदा जिल्ह्यात झाला. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. सुमारे ७५ शाळांचे तीन गट करण्यात आले. एका गटात मुलांच्या मनःस्वास्थ्याचा कार्यक्रम शिक्षकांनी चालविला, दुसऱ्यात तोच कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या स्वतंत्र सल्लागारांनी चालविला, तर तिसऱ्या गटात तो नव्हता. मुलांनी आपली अडचण लिहून टाकावी म्हणून शाळेत एक पेटीही ठेवलेली असे. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे स्वतंत्र सल्लागार होते, त्या शाळांतील वातावरण सुधारले, दांडगाई व मारहाण कमी झाली आणि मुलांची उदासीनताही घटली. शिक्षकांनी चालविलेल्या कार्यक्रमाचा मात्र तसा परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांस दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्यावर सर्व विषयांचा, परीक्षांचा व कागदपत्रांचा भार आहे, त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवून भागत नाही. मुलांचे ऐकणे हेच ज्याचे काम, असे एक माणूस शाळेत असणे आवश्यक आहे.

काही विचारी माणसे एक शंका काढतात. मुलांना ताण सोसण्यास शिकवावयाचे, म्हणजे अन्याय निमूटपणे सहन करण्यास शिकवावयाचे काय? ही शंका महत्त्वाची आहे. पण सोसणे म्हणजे जीवनकौशल्य नव्हे. अन्याय ओळखणे, तो स्पष्ट शब्दांत मांडणे आणि इतरांस बरोबर घेऊन त्यावर उपाय मागणे, हीसुद्धा कौशल्येच आहेत. पनवेल-उरणच्या मातीत याचे मोठे उदाहरण घडले आहे. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली न्याय्य मोबदल्याची मागणी केली. १९८४ च्या जानेवारीत त्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण गमावले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. त्या शेतकऱ्यांनी दुःख नुसते गिळले असते, तर हे घडले नसते. वर्गातील गोष्ट लहान असली, तरी न्याय तोच आहे. नव्या मुलाने वर्गाचे हसणे सहन करण्यास शिकावे, एवढ्याने काम संपत नाही. वर्गाने हसणे सोडण्यास शिकले पाहिजे. तालीम एकट्याची नसते, ती सर्वांची असते.

आणखी एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नियमित व्यायाम करणाऱ्यासही ताप येतो, आणि मग त्याला औषध लागते. मनाचेही तसेच आहे. पनवेलच्याच रायगड जिल्ह्यात कर्जत येथे ‘श्रद्धा’ या संस्थेचे पुनर्वसन केंद्र आहे. मानसिक आजारामुळे घर सुटलेल्या व रस्त्यावर भटकणाऱ्या माणसांना तेथे आणतात, त्यांच्यावर औषधोपचार करतात आणि बरे वाटल्यावर त्यांना त्यांच्या घरी पोहोचवितात. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या दांपत्याने १९८८ साली हे कार्य आरंभिले. या कार्याबद्दल डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. लोक ज्यांना ‘वेडा’ म्हणून दगड मारीत, त्यांतील हजारो माणसे उपचारांनी सावरली आणि आपल्या माणसांत परतली. म्हणून मन आजारी पडणे ही लाजेची गोष्ट नव्हे, आणि ‘वेडा’ हा शब्द थट्टेने वापरणे ही मात्र लाजेची गोष्ट आहे.

यावरून असे दिसते, की सर्व जीवनकौशल्यांत योग्य वेळी मदत मागता येणे हे कौशल्य सर्वांत मोठे मानावयास हवे. खंबीर माणूस म्हणजे ज्याला कोणाची गरज नाही असा माणूस, ही कल्पना मुलांच्या मनातून काढून टाकली पाहिजे. तालमीत जड वजन उचलताना पाठीशी दुसरा गडी उभा असतो. त्याने उचलणाऱ्यास कमीपणा येत नाही. दिवसच्या दिवस झोप लागेनाशी झाली, खेळावरची वासना उडाली, जगणे नकोसे वाटू लागले किंवा कोणी त्रास देऊ लागले, तर विद्यार्थ्याने ते आईवडिलांस, आजीस, शिक्षकांस किंवा विश्वासातील अन्य मोठ्या माणसास त्याच दिवशी सांगावे. एकाने ऐकले नाही, तर दुसऱ्यास सांगावे. संकटातील मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. आणि मनाच्या त्रासासाठी भारत सरकारने २०२२ साली १४४१६ हा विनामूल्य क्रमांक सुरू केला आहे. गुणाकाराचे पाढे पाठ असतात, तसे हे दोन क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावेत. मित्राने असे काही सांगितले, तर ते थट्टेवारी नेऊ नये, आणि मित्राच्या जिवास धोका वाटत असेल तर ‘कोणास सांगू नको’ हे त्याचे वचनही पाळू नये. अशा वेळी वचन मोडून मोठ्यांना सांगणे हीच खरी मैत्री होय.

तेव्हा मागणी मोठी नाही. प्रत्येक शाळेत आठवड्यातून एक-दोन तास या तालमीसाठी असावेत. त्यांना परीक्षा नसावी व गुण नसावेत. चिठ्ठी टाकण्याची एक पेटी असावी, आणि ती उघडून प्रत्येक चिठ्ठीची दखल घेणारे एक माणूस असावे. मोठ्यांनी ‘रडू नको’ म्हणण्यापूर्वी ‘काय झाले?’ असे विचारावे. मुलांनी परस्परांवर हसण्यापूर्वी क्षणभर थांबावे. एवढे करण्यास मोठा निधी लागत नाही. मुलांच्या मनाला शरीराइतकेच महत्त्व आहे, एवढी जाण मात्र त्यासाठी मोठ्यांच्या ठायी असावी लागते.

घाटावरून आलेला तो मुलगा अशा शाळेत असता, तर त्याची सकाळची पोटदुखी कदाचित आठवड्यातच थांबली असती, आणि पुढच्या धड्याच्या वेळी त्याने हात वर केला असता. वस्तादाच्या नजरेखाली, सोबत्यांच्या साथीने, पडत-उठत जसे शरीर घडते, तसेच मनही घडते. त्यासाठी त्याला तालीम मात्र मिळाली पाहिजे.